बुवांची पुडी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. बुवांनी सकाळी प्रसादाच्या पुडीचं पाणी पाजलेल्या एका दारुड्याला संध्याकाळी व्यासपीठावर घोटभर दारू दिली. गडी लालबुंद झाला, छाती धरून भडाभडा ओकला.

"बघा, दारूच याला घाबरून पळतेय!" बुवा गरजले. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी बसलेला माझा दादा पांढराफटक पडला. वहिनीने मात्र हात जोडले.

तिचं तरी काय चुकलं? डॉक्टरांनी दादाची दारू औषधांच्या जोडीने हळूहळू उतरवायला घेतली होती. "एकदम तोडलीत तर जिवावर बेतेल," असं बजावलंही होतं. मोजून ओतायचं काम वहिनीकडे. शेजारीपाजारी म्हणायचे, "बायकोच नवऱ्याला पाजते!"

"भावजी, ओतणारे हात माझे आहेत, तुमचे नाहीत," ती मला म्हणाली. आणि तिने बुवांकडून पुडी आणली.

पुडी सुरू झाली, डॉक्टरांची औषधं कचऱ्यात गेली. भीतीने दादाने बाटलीला हातही लावला नाही. दोन दिवसांत तो थरथरू लागला, भिंतीवर नसलेली झुरळं मारू लागला. वहिनीने बुवांना फोन लावला.

"व्यसन बाहेर पडतंय, ताई! दवाखान्यात न्याल तर परत आत शिरेल."

"वहिनी, मी गाडी आणतो."

"नको भावजी! इतके दिवस सोसलं ते सगळं पाण्यात जाईल."

दादाला आकडी आली तेव्हा कुठे ती दारातून बाजूला झाली. तोवर फार उशीर झाला होता. दादा गेला.

उरलेली पुडी मी डॉक्टरांपुढे ठेवली. तिच्यात नीट न कुटलेला तुकडा निघाला, त्यावर गोळी मोडायची रेघ होती. प्रसादाला अशी रेघ नसते! डॉक्टरांनी पुडी तपासून घेतली.

"दारू सोडवायचीच गोळी आहे," ते म्हणाले. "ही पोटात असताना दारू घेतली की माणूस ओकणारच. आम्हीही देतो, पण सांगून, तपासून, अंगातली दारू उतरल्यावर. पूर्ण सुटावी हे मलाही हवं होतं हो. पण आधी माणूस जगायला नको?"

मी घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं.

"पण भावजी," ती म्हणाली, "शेवटी थेंबही न घेता गेले ना ते?"

आता तिला सांगून काय उपयोग, म्हणून तुम्हाला सांगतो. चमत्कार दिसला की आधी विचारा, पाण्यात काय घातलंय? आणि दारू तोडल्यावर माणूस थरथरू लागला, तर कुणाचंही न ऐकता त्याला दवाखान्यात न्या.