चमकत्या पट्टीचं जाकीट

पुष्पलताबाईंच्या पाठीवर जव्हार तालुक्यातल्या निम्म्या शिक्षिकांची नजर असायची, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्या फळ्यावर गरजेपेक्षा जरा जास्त लिहीत. ब्लाउजचा मागचा गळा त्यांनी पानासारखा शिवला, की पुढच्या शिक्षण परिषदेत रांगेनं पानं दिसत. मग बाई गळा मटक्यासारखा करून घेत आणि पानवाल्यांकडे दयेनं बघत. त्यांचे यजमान देवजी तहसील कचेरीत कारकून होते. ते म्हणत, "तुझी पाठ म्हणजे शासन निर्णय. निघाला की दुसऱ्या दिवसापासून अंमलबजावणी."

बाईंना हे बोलणं मनापासून आवडायचं, पण त्या ते कळू देत नसत.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना दाभोशाकडच्या एका पाड्यावरून कोंडी आली.

म्हणजे कोंडी होतीच. लग्न झाल्यापासून ती दाभोशातच. मधली काही वर्षं नवऱ्याबरोबर ठाण्याकडे इमारतींच्या कामावर जात होती. आता परत येऊन शेती बघत होती आणि बाजाराच्या दिवशी जीपनं जव्हारला येऊन वाल, काकड्या, करांदे असं काय काय विकत होती. ठाण्याहून येताना तिनं साइटवरचं नारिंगी जाकीट आणलं होतं, छातीवर आणि पाठीवर चमकती चंदेरी पट्टी असलेलं. असली जाकिटं पुष्कळांनी आणली होती. कुणी ती शेतातल्या बुजगावण्याला चढवली, कुणी बकरीखाली अंथरली. कोंडीनं आपलं जाकीट उसवून, कमरेत बेतून, दोन्ही बाजूंना चुण्या घालून नव्यानं शिवलं आणि पुढं शर्टाची बटणं लावली. गुडघ्यापर्यंतचं हिरवं लुगडं, मागं घट्ट काष्टा आणि वर ते जाकीट घालून ती बाजारात आली ती धरणाची पाहणी करायला आलेल्या मोठ्या इंजिनिअरसारखी.

त्या दिवशी पुष्पलताबाई योगिताबरोबर भाजी घ्यायला गेल्या होत्या. योगिता शाळेत नवीनच लागली होती आणि बाईंच्या गळ्यांची पहिल्या नंबरची भक्त होती. कोंडीला बघून बाईंना हसू आवरेना.

"काय गं कोंडी, बाजारात रस्त्याचं काम निघालंय का?"

कोंडीनं काकडी तराजूत टाकली आणि बाईंना वरून खाली पाहून घेतलं.

"निघालं तर पयलं तुझ्या पाठीचा खड्डा भरून घेते, बाई. लय खोल गेलाय."

कोंडी सगळ्यांनाच तू म्हणायची, अगदी गटविकास अधिकाऱ्यांनासुद्धा, त्यामुळे त्याचं काही नव्हतं. पण आजूबाजूच्या सगळ्या बायका हसल्या आणि योगिताही हसली. बाईंनी काकड्या तिथंच सोडल्या आणि घरी जाऊन देवजींना विनाकारण झापलं.

खरं दुखणं पुढं सुरू झालं. आधी कोंडीच्या पाड्यावरच्या बायकांनी जाकिटं बेतून घेतली. मग शेजारच्या पाड्यांवर लोण गेलं. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या बायकांची रांग रस्त्याच्या कडेनं निघाली, की जीपच्या दिव्यात ती अशी झगमगायची की ड्रायव्हर आपोआप गाडी हळू करायचे. बाजारातला हेमंत टेलर हा बाईंचा हक्काचा माणूस. त्यानंसुद्धा भिवंडीहून चंदेरी पट्टीचा गठ्ठा मागवला आणि दुकानाच्या दारात लटकवला. एका सोमवारी योगिता शाळेत आली ती बाह्यांना बारीक चंदेरी पट्टी लावलेला ब्लाउज घालून.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"कोंडी कट आहे, बाई. हेमंतकडे आता हाच चालतो."

कोंडी कट. इतकी वर्षं बाईंनी पानं दिली, मटके दिले, मागं नॉट बांधायची तऱ्हा दिली, पण 'पुष्पलता कट' असं कुणाच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. सगळ्याजणी नुसतंच उचलायच्या. बाईंनी त्या दिवशी चौथीच्या वर्गाला उलट्या क्रमानं पाढे म्हणायला लावले.

त्यानंतर घाटातला प्रसंग घडला. देवजी आणि बाई मोटरसायकलवरून मोखाड्याला एका बारशाला निघाले होते. वळणावर बांबूचा ट्रक आडवा अडकला होता. दोन्ही बाजूंनी जीपगाड्या, टेम्पो आणि एस.टी. येऊन एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभ्या होत्या. सगळे ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांच्या घराण्याची चौकशी करत होते. तेवढ्यात एका जीपमधून कोंडी उतरली. जाकीट खाली ओढून नीट केलं, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली की एस.टी.चा कंडक्टर दचकून पायरीवर बसला.

"तू मागं. तू हितंच थांब. ए टेम्पो, ढोराला वळवतंस तसा वळव."

आणि लोक ऐकत होते. कुणीही विचारलं नाही की ही बाई कोण. ती चालत मोटरसायकलपाशी आली.

"गाडी मागं घे."

देवजी आयुष्यात कधी कुणाच्या सांगण्यावरून मागं गेले नव्हते, बायकोच्या तर नाहीच. त्यांनी निमूटपणे दोन्ही पाय टेकले आणि गाडी ढकलत मागं घेतली. मागच्या सीटवर बाई बारशाची पिशवी मांडीवर घेऊन उलट्या दिशेनं प्रवास करू लागल्या.

"तुला कुणी नेमलं गं?" बाईंनी तशा अवस्थेतही विचारलं.

"जाकिटानं," कोंडी म्हणाली आणि टेम्पोकडे वळली.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरी गोष्ट अशी की त्या वेळी त्यांची नजर कोंडीच्या कमरेवर होती. जाकिटाची चूण घडी न पडता बरगडीवरून थेट काष्ट्यापर्यंत उतरत होती, आणि ती हात वर करून वळली तरी कुठं फुगत नव्हती. हेमंतला इतकी वर्षं सांगूनही बाईंना असं बसणारं काही मिळालं नव्हतं. बारशाला बाईंनी पेढा खाल्ला, बाळाला मांडीवर घेतलं आणि सगळा वेळ त्या चुणीचाच विचार केला.

आठवडाभर त्यांनी स्वतःशी भांडण केलं. मग त्या हेमंतकडे गेल्या, दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून.

"मार्चमध्ये महिला मेळावा आहे," त्या म्हणाल्या. "वेशभूषा स्पर्धेला मी परीक्षक आहे. पैठणीवर ब्लाउज हवाय. मागच्या गळ्याला पट्टी लाव."

"कसली पट्टी, बाई?"

"तुला माहीत आहे कसली."

हेमंत हुशार होता. तो हसला नाही. त्यानं टेप काढला आणि भिंतीकडे बघत विचारलं, "रुंद लावू की बारीक?"

"सगळ्यात रुंद," बाई म्हणाल्या. काम करायचंच तर हातचं राखून कशाला?

मेळाव्याच्या दिवशी पुष्पलताबाई सभागृहात आल्या त्या पदर मुद्दाम एका खांद्यावर आवळून, म्हणजे पाठ मोकळी राहावी. दारातच त्या थबकल्या. सभागृहात जिकडे पाहावं तिकडे पट्ट्या होत्या. पाड्यांवरच्या बायका जाकिटात होत्या. अंगणवाडी सेविकांच्या बाह्यांवर, आशाताईंच्या पदरावर पट्टी होती. एका सरपंचबाईंनी तर केसांच्या अंबाड्याला पट्टी गुंडाळली होती. फोटोवाल्यानं फ्लॅश मारला की सगळं सभागृह एकदम लखलखायचं आणि व्यासपीठावरचे पाहुणे डोळे मिटायचे. त्या गर्दीत बाई खुर्चीवर जाऊन बसल्या आणि त्यांच्या पाठीकडे कुणीही पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्या चारचौघींसारख्या दिसत होत्या. हे असं वाटतं होय, असं त्यांच्या मनात आलं, आणि पानाच्या गळ्यांतल्या आपल्या सहकारी त्यांना एकाएकी आठवल्या.

स्पर्धा सुरू झाली. पारंपरिक वेशभूषा म्हणून एकीमागून एक बाई पट्टी मिरवत गेली. शेवटी कोंडीचं नाव पुकारलं.

कोंडीच्या अंगावर जाकीट नव्हतं. तांबडं लुगडं होतं आणि खांद्यांवरून काळंभोर काहीतरी गोल उतरलेलं. ती जवळ आली तेव्हा बाईंना कळलं. मोडक्या छत्रीचं कापड होतं ते. दांड्याचं भोक मोठं करून त्यातून तिनं डोकं काढलं होतं. कडेचे बाक खांद्यांवर, छातीवर, पाठीवर कमानी टाकत होते, आणि कापडाच्या प्रत्येक टोकाला तिनं लाल मण्यांचा झुपका बांधला होता. ती चालली की झुपके हलत. पट्ट्यांचं सगळं सभागृह माना उंचावून बघू लागलं.

"जाकीट कुठं आहे?" बाईंनी परीक्षकाच्या आवाजात विचारलं.

"सगळ्यांनीच घातलं. मग मी कशाला घालू?"

बाईंचा हात आपसूक मागं गेला आणि पाठीवर पदर आला. पण कोंडीच्या नजरेतून काय सुटणार. तिनं मान तिरकी केली.

"बघू तुझा. लय उशीर केलास, बाई."

निकाल लागला. बाईंनी पहिला नंबर सरपंचबाईंच्या अंबाड्याला दिला आणि कोंडीला उत्तेजनार्थ स्टीलचा डबा. दुसरे परीक्षक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी छत्री हा पावसाळी प्रकार असल्याचं कारण नोंदवलं, ते बाईंच्या पथ्यावरच पडलं.

कार्यक्रम संपल्यावर बाई सभागृहाच्या पायऱ्यांवर आल्या तेव्हा कोंडी तिथं बसून वडापाव खात होती. बाईंना पुढं जाता आलं असतं. त्या थांबल्या.

"पयला नंबर का नाय दिलास?" कोंडीनं विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती चौकशी होती.

बाईंच्या ओठांवर नियमाचं काहीतरी आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"बघवलं नाही मला," त्या म्हणाल्या. "इतकं चांगलं दिसत होतं."

कोंडी खूश झाली. तिनं सरकून जागा केली. बाई पैठणी सावरत पायरीवर बसल्या, आणि त्या दोघी बराच वेळ इतर बायकांना बघत राहिल्या. कुणाची पट्टी वाकडी, कुणाचं जाकीट बाजारातल्या पिशवीसारखं, कुणाचा नवरा त्याहून वाईट. दोघींची मतं इतकी जुळत होती की बाईंनाच नवल वाटलं. शाळेत असं बोलायला त्यांना आजवर कुणी मिळालं नव्हतं. तिथं सगळ्या 'छान दिसतंय, बाई' म्हणत आणि टेलरकडे पळत.

"घालून बघू का?" बाईंनी छत्रीकडे बोट केलं.

कोंडीनं ती डोक्यावरून काढली. बाईंनी अंबाडा सांभाळत ती पैठणीवर चढवली. काळ्या कमानींतून जांभळा जरीकाठ बाहेर डोकावला.

"उभी ऱ्हा. वळ." कोंडीनं बघितलं. "तू पोक काढतंस. ताठ ऱ्हायलीस तर बरी दिसतंस."

बाईंना पोक आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या ताठ झाल्या. एवढ्यात योगिता मोबाइल घेऊन धावत आली आणि तिनं धडाधड फोटो काढले.

"झालं," कोंडी म्हणाली. "आता एकाही घरात छत्री शिल्लक ऱ्हायची नाय. घेऊन जा ती. मना उद्यापासून नको."

"मग तू काय घालणार?"

"तुला कशाला सांगू?"

बाई हसल्या. छत्री अंगात ठेवूनच त्या मोटरसायकलवर बसल्या. देवजींनी बायकोकडे पाहिलं, काहीतरी बोलायचं ठरवलं आणि किक मारली. वारा शिरून छत्री फुगू लागली तशी बाईंनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. मणी देवजींच्या कानावर आपटत होते. चौकात देवजींनी घराकडे वळण घेतलं.

"इकडून नको," बाई म्हणाल्या. "बाजारातून घ्या."

"अगं, घर इकडं आहे."

"एवढं घातलंय ते घरी जाऊन कुणाला दाखवू, तुम्हाला?"

देवजींनी गाडी मागं घेतली.