हिटलर सरांची हजेरी

फ्लेक्स चांगला दहा फुटी होता. मध्ये धनराज सरांचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'आमचे लाडके हिटलर सर, सेवापूर्ती सोहळा'. सिंदेवाहीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या हर्षाला तोच दिसला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धनराज सर म्हणजे तिचे वडील. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, शिस्त भयंकर. तेवढ्यावरून पोरांनी नाव ठेवलं आणि गावानं ते उचललं. आपल्याकडे कडक सासू हिटलर, कडक साहेब हिटलर. कुणाला काही वावगं वाटत नाही. हर्षालाही वाटलं नव्हतं. 'मी हिटलरची पोरगी' म्हणून ती शाळेत मिरवायची. आता तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच येत होता.

गेले सहा महिने ती जर्मनीतल्या एका छोट्या गावात होती. तिथे हिटलरच्या राजवटीत मारल्या गेलेल्या ज्यूंचं दोन खोल्यांचं संग्रहालय आहे. चालवणाऱ्या बाई ऐंशीच्या. नोकर ठेवायची ऐपत नाही, गावच्या पोरांना रस नाही, म्हणून सगळा भार परदेशी विद्यार्थ्यांवर: एक व्हिएतनामची, एक ब्राझीलचा आणि ही सिंदेवाहीची. म्हणायला इंटर्न, झाडू मारण्यापासून पाहुण्यांना माहिती सांगण्यापर्यंत सगळं त्यांनीच करायचं. हर्षाच्या वाट्याला त्या काळातल्या एका शाळेचं हजेरीपत्रक आलं. पानं साफ करायची, फोटो काढायचे, नावं उतरवून घ्यायची. त्यातल्या अकरा ज्यू मुलांच्या नावांवर लाल रेघ होती. पट्टी लावून मारलेली, कुठेही वाकडी नाही. ती मारणारा हात एका मास्तरचा होता, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"बाबा, तो फ्लेक्स काढायला लावा," घरात पाऊल टाकताच ती म्हणाली.

"काऊन? पोरं प्रेमानं म्हन्तेत."

"तुमच्या वर्गात कोनी कोनाले जातीवरून हाक मारली, त तुम्ही त्याले दिवसभर उभं करत होते. ज्याले त्याले नाव हाये, नावानं हाक मार, म्हनत होते. अन् सोताले हे नाव चिकटवून घेतलं?"

"मी काई कोनाचा जीव घेतला नाई."

हर्षानं फोनवर हजेरीपत्रकाचा फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला. सरांनी चष्मा लावला.

"हे अकरा कुठी गेले?"

"आधी शाळेतून काढलं. मंग घरातून नेलं. मंग मारलं. यातली रूथ सात वर्सांची होती."

"अन् मास्तर?"

"मास्तरनं रेघ मारली अन् पुढच्या पोराचं नाव घेतलं."

सर एकेक नाव वाचत गेले. फोन परत देईनात.

दुसऱ्या दिवशी सोहळ्याच्या मंडपातही तसाच फ्लेक्स. हर्षा मागच्या खुर्चीत धुमसत बसली. फ्लेक्स छापणारा राजदीप, सरांचा जुना विद्यार्थी, माईकवर 'हिटलर सर' म्हणाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सर उठले. खिशातून कागद काढला.

"हजेरी घेतो."

मंडप हसला.

"रूथ."

क्षणभर कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी ओरडलं, "हजर, सर." पुन्हा हशा.

"कर्ट."

"हजर."

सातव्या नावापर्यंत अख्खा मंडप एका सुरात हजेरी देत होता. मेलेल्या लेकरांची बापानं टिंगल मांडलीय असं वाटून हर्षा संतापानं उभी राहिली. सरांनी अकरावं नाव घेतलं आणि कागदाची घडी घातली.

"यातलं कोनी हजर नाई," ते म्हणाले. "सगळी लेकरं मेली. ज्याच्या नावानं तुम्ही मले तीस वर्सं हाक मारून राह्यले, त्याच्या राज्यात मारली. रूथ सात वर्सांची होती. तिच्या नावाले हजर कोन म्हनलं, त्यानं हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही.

"तुमालेच काय बोलू? म्या बी त्या नावाले तीस वर्सं ओ दिली." सर फ्लेक्सकडे वळले. "माह्यं नाव धनराज हाये. राजदीप, शिडी आन."

राजदीप मान खाली घालून शिडी आणायला गेला. हार घेतलेले पाहुणे जागच्या जागी उभे होते. फ्लेक्स खाली येईस्तोवर सर खुर्चीत बसले नाहीत.