झोपेची खूण

अनसूयानं मुलीच्या बाह्या वर सारल्या आणि दोन्ही दंड दाराच्या उजेडात फिरवून पाहिले. मानेवरचे केस बाजूला करून पाहिलं. वळ नव्हता, ओरखडा नव्हता. तरी तिनं पुन्हा एकदा पाहिलं.

प्रियदर्शिनी नऊ वर्षांची होती आणि जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. उरवड्याहून ती रोज व्हॅननं घाट उतरून पुण्यातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत जायची. त्या शुक्रवारी सकाळी व्हॅन दारात आली तेव्हा तिनं चौकट धरली आणि काही केल्या सोडली नाही. व्हॅन निघून गेली तशी ती आईसमोर येऊन उभी राहिली. डोळे मिटले, मान छातीवर टाकली. मग स्वतःच्या खांद्यावर जोरजोरात हात मारला आणि व्हॅन गेली त्या दिशेला बोट दाखवलं. पुन्हा डोळे मिटले.

 अनसूयाला त्या हातवाऱ्यांचा एकच अर्थ सुचत होता, आणि तो तोंडातून काढवत नव्हता.

घरात कुणाला खुणांची भाषा येत नव्हती. पोरगी लहान असताना कुणीतरी बजावलं होतं, खुणांची सवय लावलीत तर ही कधीच बोलायची नाही. तेव्हापासून अनसूया तिचे हात धरायची आणि ओठ हलायची वाट पाहायची. शाळेत प्रियदर्शिनी हातांनी भराभर बोलायला शिकली होती. घरात मात्र जेवण, पाणी, झोप, एवढ्यावरच काम चालायचं.

संध्याकाळी रत्नदीप कंपनीतून आला. बायकोनं अडखळत सांगितलं ते ऐकून तो हेल्मेट हातात घेऊन तसाच उभा राहिला. व्हॅनवाला कैलास गावातलाच, पोरांना गोळ्या वाटणारा. आता त्या गोळ्यांचंही भय वाटायला लागलं. शाळेच्या बाईंना फोन लावला, तो लागेना. पुढं दोन दिवस सुट्टी.

"मी जातो त्याच्या घरी," रत्नदीप म्हणाला.

"जाऊन काय इचारनार? ती काय सांगतीया, तेच आपल्याला कळत न्हाई."

तो खाली बसला. शनिवारी त्यांनी पोरीला एकटं सोडलं नाही. पोरगी अंगणात गेली तरी अनसूया मागोमाग जायची. रात्री जेवताना रत्नदीपला एकनाथ आठवला. कंपनीत पॅकिंगला असलेला, स्वतः बहिरा, खुणांनी बोलणारा, पण चांगलं लिहिता-वाचता येणारा.

रविवारी सकाळी तिघं मोटरसायकलवरून त्याच्या गावी, नांद्याला गेले. एकनाथनं सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि स्वतः मुलीसमोर मांडी घातली. तिचे हात सुटले. आपली पोरगी एवढं बोलते हे अनसूया पहिल्यांदाच पाहत होती. मधेच एकनाथनं हात वर करून पोरीला थांबवलं, काहीतरी परत विचारलं. त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं वही ओढली आणि सावकाश लिहिलं.

'काका गाडी चालवताना झोपतात. घाटात त्यांची मान खाली पडते. ही मागून खांद्यावर मारून त्यांना उठवते. गुरुवारी मारलं तरी लवकर उठले नाहीत. समोर ट्रक होता. ती सोमवारपासून घरी सांगते आहे. आई हात धरते.'

रत्नदीप मोठ्यानं वाचत होता. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला, तेव्हा अनसूयानं वही त्याच्या हातातून घेतली.

मनात होतं तसलं काही घडलं नव्हतं. तिनं श्वास सोडला, आणि लगेच घाटातलं वळण डोळ्यांपुढं आलं.

दुपारी ते कैलासच्या घरी गेले तेव्हा तो झोपलेलाच होता. त्यानं काही नाकारलं नाही. दोन महिन्यांपासून तो रात्री हिंजवडीच्या एका कंपनीच्या माणसांची ने-आण करत होता आणि सकाळी ही व्हॅन चालवत होता.

"पोरगी खांद्यावर मारायची," तो खाली बघत म्हणाला. "मला वाटायचं, मस्ती करतीया."

त्यानं आपण होऊन व्हॅनची चावी रत्नदीपसमोर ठेवली.

व्हॅननं त्या शाळेची सात मुलं जायची. बाकीच्यांच्या घरी सांगणं भाग होतं. पिरंगुटातल्या पहिल्याच घराचं दार एका बाईनं उघडलं. तिच्यामागून सहा वर्षांची सोनिया डोकावत होती. रत्नदीप शब्द जुळवू लागला, पण अनसूयाच पुढं झाली. तिनं डोळे मिटले, मान छातीवर टाकली आणि आपल्या खांद्यावर हात मारला.

त्या बाईनं वळून सोनियाकडं पाहिलं.

"आमची सोनी आठ दिस झालं ह्येच करतीया," ती म्हणाली. "मला वाटलं झोप आलीया. मी आपली तिला हातरून घालून देत हुते."