ताईंची बाई

"ताई, कशालाही हात लावू नका," असं दारातूनच म्हणत कॉम्प्युटरवाला फोनच्या खोलीत शिरला. जिने धावत उतरून त्याच्या छातीचा भाता झाला होता.

"मी कुठे लावतेय? बाईच गप्प झालीय मघापासून," ताई म्हणाल्या.

ताईंना जन्मापासून दिसत नव्हतं. इस्पितळात येणारे फोन त्या घ्यायच्या, आणि कुठला पेशंट कुठल्या वॉर्डात, कुठला डॉक्टर कुठे, हे पडद्यावरचं सगळं एक जुना प्रोग्रॅम बायकी आवाजात त्यांना वाचून दाखवायचा; ताई त्याला 'बाई' म्हणायच्या. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला बाई. आवाज खरखरीत, उच्चार म्हणजे नुसता आनंद. 'शस्त्रक्रिया' म्हणताना तर ती हमखास ठेचकाळायची. पण तिच्यावाचून ताईंचं पान हलत नव्हतं.

तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. नवं अपडेट चढलं की बाई संपली, हे कॉम्प्युटरवाल्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून सगळ्या इमारतीतल्या कॉम्प्युटरांवर एकदम अपडेट सोडायच्या दिवशी तो आधी खाली यायचा, ताईंना चहाला पिटाळायचा आणि त्यांच्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर उपसून ठेवायचा. बाकीच्यांचं उरकलं की गुपचूप परत जोडायचा. ताईंना सगळं कळायचं.

"आज सगळ्यांची आंघोळ आहे वाटतं," त्या म्हणायच्या. "आमची आपली पारोशीच बरी."

आज मात्र मुख्य कचेरीने परस्पर अपडेट सोडलं होतं. याला ना निरोप, ना पत्ता. वर आपल्या टेबलाशी बसल्या बसल्या त्याला पडद्यावर एकेका कॉम्प्युटरची पट्टी हिरवी होताना दिसली, तसा तो पळत सुटला.

वायर त्याने उपसली खरी, पण अपडेट कधीच आत उतरलं होतं. आता वीज तोडावी तर अख्खा कॉम्प्युटरच जायचा, न तोडावी तर बाई. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने कचेरीला फोन लावला.

"एवढं एकच मागे घ्या हो. इथे एक बाई काम करतात, त्यांना दिसत नाही."

"एकट्याचं मागे घेता येत नाही. नव्या आवाजासाठी अर्ज करा. मिळेल दोन-चार महिन्यांत."

दोन-चार महिने. फोन घ्यायला यंत्र बसवायचं साहेबांच्या मनात केव्हापासून होतं. ताईंचं काम चोख म्हणून ते अडलं होतं. आता कशावर अडणार? त्याला स्वतःचाच संताप आला, आणि संतापून उपयोग काय तेही कळेना.

कॉम्प्युटर नव्या रूपात सुरू झाला. फोन वाजला. "नमस्कार. थांबा हं, बघून सांगते," ताई सवयीने म्हणाल्या आणि थांबल्या.

तो वाकून वाचू लागला. "दुसरा मजला, खिडकीकडची खाट."

ताईंनी पुढे सांगितलं. मग आणखी एक फोन, आणखी एक.

"जरा भरभर वाच रे," त्या म्हणाल्या. "ती बघ कशी धाडधाड वाचायची."

तेवढ्यात त्याचा मोबाइल कोकलला. औषधांच्या खिडकीवर प्रिंटर अडला होता, अपडेटनेच.

"जा तू. तिकडे लोक ताटकळतायत."

"आलोच मी," तो म्हणाला. पण एका मजल्यावरून सुटला की दुसऱ्यावर अडकत, तो परतला तेव्हा संध्याकाळ झाली होती. खोलीतले फोन वाजत नव्हते; साहेबांनी ते दुपारीच दुसरीकडे वळवले होते. ताई पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. बाईचा इअरफोन त्यांनी पुसून, वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवला होता.

"सगळी मशीनं नीट झाली का रे?" त्यांनी विचारलं.

त्याने पडद्याकडे पाहिलं. हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' लिहिलं होतं.

"झाली, ताई. सगळी."

"बरं झालं बाबा," ताई म्हणाल्या आणि काठी शोधायला त्यांनी हात पुढे केला.