घरटी एक

नवागामच्या त्या गल्लीत सुषमाच्या एकाच जागेला पाच नावं होती. लेस लावायच्या साड्यांचं गाठोडं टाकून जाणारा टेम्पोवाला तिला रूम म्हणे, समोरची गुजराती मावशी ‘ओरडी’, म्हणजे तिच्या भाषेत खोली, आणि धुळ्याहून फोन करणारी आई ‘तुझं बिऱ्हाड’. सुषमा स्वतः घर म्हणे. तिचा मोठा दीर योगराज मात्र म्हणे पडवी.

नवरा मगन तापाने गेला त्याला नऊ वर्षं झाली. दोघा भावांनी मिळून बांधलेलं घर. बारावा उरकताच योगराजने पुढची बाजू आपल्याकडे ठेवली आणि मागच्या पत्र्याखाली सुषमाला घातलं. तिथं तिने चूल मांडली, साड्यांना लेस लावून पोट भरलं, कुणापुढे हात पसरला नाही. जागा लहान मिळाली याचं तिला फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते आमंत्रणाचं.

गुजरातेत येऊन राहिलेल्या या खानदेशी मंडळींत आमंत्रण माणसाला नसतं, घराला असतं. समाजाचा भूपेंद्र कुंकू-अक्षता घेऊन दारोदार फिरतो. कधी ‘घरटी एक’ म्हणतो, म्हणजे घरामागे एकानेच यायचं; कधी ‘चूलबंद’, म्हणजे त्या दिवशी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. पहिल्या वर्षी सुषमा धुतलेली साडी नेसून दारात उभी राहिली. भूपेंद्र तिच्या मागच्या दाराकडे वळणार, तोच योगराज पुढच्या ओट्यावरून ओरडला, “तिकडे कोठे चालना? घर कसानं ते? पडवी शे!”

भूपेंद्र निघून गेला, आणि मेल्याने नऊ वर्षं त्या दाराकडे मान वळवून पाहिलं नाही. गल्लीतल्या राखीच्या हळदीला सगळ्यांच्या चुली थंड होत्या आणि सुषमा एकटी पिठलं हलवत होती. त्या दिवशी ती मनातल्या मनात योगराजला म्हणाली, हा ‘पडवी’ शब्द तुझ्याच घशात घालीन.

यंदा रस्ता रुंद करायचं निघालं. गल्ली जाणार, आणि प्रत्येक वेगळ्या घराला एक फ्लॅट मिळणार. वेगळं घर म्हणजे वेगळी चूल. झालं! योगराजला ती पडवी एकाएकी घर दिसायला लागली.

“सुषमा, उद्या साहेब येतीन,” तो साखर पेरत म्हणाला. “मांगलं घर आमना हितेशनं शे, इतलंच सांग. तू आमना संगे राहस. तुले काई कमी पडाव नही.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून घर निघालं, तेही पोराच्या नावाने. सुषमाच्या अंगाचा तिळपापड झाला. वरवर ती एवढंच म्हणाली, “हाव.” नऊ वर्षं थांबलेल्या बाईला एक दिवस काही जड नव्हता.

घरांची नोंद करायला महापालिकेचे साहेब आले. पंच म्हणून भूपेंद्र होताच, हितेशही बापाशेजारी उभा होता.

“ये अलग मकान है?”

“एकदम अलग, साहेब,” योगराज म्हणाला. “मेरे लडके का. मेरा उसमें कुछ नहीं.”

साहेबांनी लिहून घेतलं. योगराजने झोकात सही ठोकली, खाली भूपेंद्रने साक्ष घातली. सुषमाने सही होऊ दिली. मग पदर खोचून पुढे आली.

“घर अलग है, बराबर है. अब घरवाला चाय पिलाएगा. हितेश, ठेव बरं चहा.”

हितेशने शेगडीचं बटण फिरवलं. काही पेटेना. डावा बर्नर तीन वर्षं मेलेला, आणि उजवा बटण दाबून ठेवल्याशिवाय पेट धरत नाही, हे त्या बापड्याला कुठून ठाऊक? माचिस कानबाई देवीच्या फोटोमागे होती, ती त्याला सापडली नाही. साखरेचा म्हणून त्याने मिठाचा डबा काढला.

सुषमाने गॅसचं पुस्तक साहेबांच्या हातात दिलं. नऊ वर्षांचं, तिच्या नावाचं. “चूल्हा मेरा है, साहेब. और घर अलग है, ये तो जेठजी ने अभी लिखके दिया.”

साहेबांनी भूपेंद्रकडे पाहिलं. “सच है?”

भूपेंद्रने पहिल्यांदाच सुषमाकडे नीट पाहिलं. “सच है,” तो हळूच म्हणाला. “चूल्हा इनकाच है.”

साहेबांनी हितेशचं नाव खोडून सुषमाचं लिहिलं.  योगराजने आपण सही केली नाही म्हणावं, तर साहेबांच्या देखत केलेली.

सुषमाने आलं ठेचून चहा केला. एक कप साहेबांना दिला, एक भूपेंद्रला, एक योगराजला. हितेशनेही हात पुढे केला, तशी तिने कपांची थाळी मागे घेतली.

“तुमनं घर एकच ना?” ती म्हणाली. “मंग घरटी एक.”