विहिणीच्या दारचा अनंत

वलगावच्या खुशालरावांना नुसतं पाहुणा म्हणून बसणं कधी जमलं नाही. लेक रागिणी अमरावतीत दिलेली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या घरी मुक्कामाला आले आणि सकाळी चहाच्या आधीच अंगणात हजर. विहीणबाई, म्हणजे शकुनबाई, देवळात गेल्या होत्या.

कुंपणाजवळ कमरेएवढं झाड होतं. पानं अर्धी हिरवी, अर्धी पिवळट पांढरी. खुशालरावांनी लगेच ओळखलं. येलो मोझॅक! यंदा याच रोगानं त्यांचं सोयाबीन खाल्लं होतं. गावात कोणाच्या शेतात पिवळं पान दिसलं की आधी त्यांनाच बोलावतात, आणि त्यांचा सल्ला ठरलेला : उपटा आणि जाळा, नाही तर शेजारचंही जाईल. इथे तर शेजारीच शकुनबाईंची भेंडी उभी. उपकार करायला परवानगी कशाला? त्यांनी झाड मुळासकट उपटलं, मोडलं आणि पाणी तापवायच्या पेटत्या चुलीत कोंबलं.

चहा घेऊन आलेली रागिणी खड्डा बघून कप तिथेच ठेवून धावली.

“बाबा, काय केलं हे! रोग नोता तो. त्या अनंताची जातच तशी, बारमाही रंगीत पानाची.”

मग तिने सगळं सांगितलं. आपल्या काळ्या मातीत चुना फार, त्यात अनंत पिवळा पडून मरतो. त्याला आंबट माती लागते. म्हणून सासूबाईंनी खोल खड्डा खणून कोकणातली लाल माती आणवली, कुजलेला पाला घातला, अधूनमधून पातळ ताक ओतलं. इतक्या वर्षांत यंदा पहिल्यांदा कळ्या धरल्या होत्या.

कळ्या खुशालरावांनी पाहिल्याच नव्हत्या. जन्म मातीत गेला आणि लेकीच्या सासरी येऊन धडधाकट झाड जाळलं! विहीणबाईंना आपणच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. शब्दही जुळवले.

फाटक वाजलं. शकुनबाई खड्ड्यापाशी थबकल्या.

“अनंत कुठी गेला?”

खुशालरावांनी तोंड उघडलं, पण रागिणी आधी बोलली. “मी उपटला, आई. मले वाटलं, रोग पडला.”

शकुनबाईंनी वाकून ती लाल माती चिमटीत घेतली. मग म्हणाल्या, “शेतकऱ्याची पोर ना तू? बापानं इतकंबी नाही शिकवलं काय तुले?”

“शिकवलं होतं,” रागिणी म्हणाली. “मीच ध्यान नाही देल्लं. हो ना, बाबा?”

खुशालराव म्हणाले, “हो.”