माझ्या पोटातला कापूस

खुळखुळ ऐकू आली ना? ती मीच. मी गोळ्यांची डबी बोलतेय. पांढरी, मुठीत मावेल एवढी.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. होंडुरासच्या किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रात नर्सबाईंनी मला लिडुविनाच्या हातात ठेवलं, तो दिवस मात्र लख्ख आठवतो. लिडुविना एकवीस वर्षांची, पोटुशी, आणि रक्तात एचआयव्ही सापडलेला.

"रोज सकाळी आठला एक," नर्सबाई म्हणाल्या. "बाळाला अंगावर खुशाल पाज. फक्त गोळी चुकवू नकोस, म्हणजे बाळ सुखरूप राहील."

बाहेर येताच तिने नखाने माझ्यावरचा कागद खरवडला आणि मी वाजू नये म्हणून आत कापूस कोंबला. पुढे दर महिन्याला नवी डबी मिळायची, पण गोळ्या ती माझ्यातच ओतायची. मी मुकी होते ना, म्हणून लाडकी.

एवढी भीती कसली? तर बासिलियामावशींच्या छपराखाली गावातल्या बायका जमून कसाव्याची भाकरी करतात. कंद सोलायचे, खडे बसवलेल्या पाटीवर किसायचे, पिळायचे, मोठ्या तव्यावर भाजायचे. लिडुविनाचं पोट त्यावरच. आणि तिथेच त्या बायकांतली तोरिबिया एकदा म्हणाली होती, "पलीकडच्या गावात एकीला तो आजार निघालाय. तिच्या हातचं आता कुत्रंही खात नाही." सगळ्या हसल्या. लिडुविनाही हसली, पण खिशात मला इतकं आवळलं की माझं झाकण चेपायचं बाकी होतं.

सिरिलो जन्मला, गुटगुटीत. कामाला पहाटेच निघायचं, आठ वाजायचे ते बायकांच्या घोळक्यात. गोळी आधी घेतली तर चालेल का, हे विचारायचं तिला धाडस नव्हतं. सिरिलो बसायला लागला त्या सुमारास, एका आठवड्यात लागोपाठ दोन दिवस चुकले. दोन्ही रात्री ती बाळाला पाजताना त्याच्या कपाळाला हात लावून बसली.

तिसऱ्या सकाळी ती कंदांच्या ढिगाआड गेली. कापूस ओढला, तेवढ्यात तोरिबिया भाकरीचा तुकडा खात, पाटी शोधत आली. झाकण घाईत लावून लिडुविनाने मला टोपलीत टाकलं. कापूस खालीच राहिला. टोपलीशेजारी सिरिलो बसलेला. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं आणि मनसोक्त वाजवलं.

"काय गं आहे त्यात?" तोरिबियाने विचारलं.

"मणी आहेत," लिडुविना म्हणाली.

"मणी असे वाजत नाहीत," तव्यापाशी बसलेल्या बासिलियामावशी म्हणाल्या. त्यांनी पदरासारख्या बांधलेल्या फडक्यातून एक डबी काढली, तिच्यातला कापूस उपसला आणि हलवली. थेट माझाच आवाज. "अकरा वर्षं हेच वाजतंय माझ्याकडे."

किसणं थांबलं. तोरिबियाच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच. "म्हणजे मी अकरा वर्षं..."

"खातेयस. वर दर खेपेला दोन जास्त मागतेस."

"आणि किसताना बोट खरचटलं तर?"

"तर तो कंद फेकायचा. बोट तुझं असो की तिचं. आजचा नियम आहे का तो?"

एक बाई आपली पाटी उचलून निघून गेली. ती पुन्हा आली नाही. तोरिबियाने तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग तो तोंडात टाकला, पाण्याचा तांब्या भरला आणि लिडुविनासमोर ठेवला.

"घे. कोरडी कशी गिळशील."

त्यानंतर गोळी चुकली नाही. सिरिलो दीड वर्षाचा झाला, दूध सुटलं, मग शेवटची तपासणी झाली. त्याचं रक्त स्वच्छ निघालं. लिडुविना केंद्राच्या पायरीवरच बसून रडली आणि घरी येऊन तिने माझ्यात मक्याचे दाणे भरून झाकण घट्ट बसवलं. तिच्या गोळ्या आता नव्या डबीत असतात, कागदासकट, फळीवर, सगळ्यांदेखत.

मी आता सिरिलोचा खुळखुळा आहे. अंगावर त्याच्या दातांच्या खुणा आहेत. तुमच्याशेजारी कुणाच्या पिशवीत माझी एखादी बहीण वाजली, तर मान वळवून बघत बसू नका. पाणी हवं का, एवढंच विचारा.